गाडीचा धूर आणि धुराड्याचा धूर

आमचं कॅलिफोर्नियातल्या फ्रीमॉन्टचं घर सत्तरच्या दशकातलं. दिवाणखान्यात विटांची मोठी फायरप्लेस आहे, म्हणजे भिंतीतली चूलच, वर धुराडं असलेली. गेल्या हिवाळ्यात सासरे कागलहून राहायला आले आणि पहिल्याच दिवशी त्यांची नजर तिच्यावर गेली. आयुष्यभर बंबात चिपाडं सारून पाणी तापवलेला माणूस. त्यांनी मागच्या अंगणातल्या वाळक्या फांद्या गोळा केल्या, एकसारख्या मोडून रचल्या, आणि काडेपेटी मागितली. नेमका त्याच वेळी माझा फोन वाजला. उद्या हवा बिघडणार, लाकूड जाळायला बंदी, असा हवा-मंडळाचा, म्हणजे इथल्या हवेवर नजर ठेवणाऱ्या स्थानिक सरकारी मंडळाचा, इशारा होता.

"म्हणजे उद्या पेटवायची नाही?"

"नाही बाबा. दंड होतो."

त्यांनी काडेपेटी खिशात टाकली. थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "गॅरेजात दोन-दोन गाड्या उभ्या आहेत. त्या उद्या दिवसभर पळतील. त्यांना कुणी हटकत नाही. माझी चार लाकडंच तेवढी जड झाली होय?"

प्रश्न बिनतोड होता. अमेरिकेत आल्यापासून 'गाडीचं स्मॉग केलंस का', म्हणजे धुराची चाचणी केलीस का, हे वाक्य मी शंभर वेळा ऐकलंय, लाकडाच्या बंदीचे इशारेही दर हिवाळ्यात येतात, पण हे दोन कायदे एकमेकांपासून इतके वेगळे का, याचा विचार मी कधी केला नव्हता. बाबांना उत्तर द्यायचं म्हणून वाचायला बसले आणि त्यात रमले.

थोडक्यात सांगायचं तर गाडीचा धूर कारखान्यातच पकडता येतो. गाडी जन्माला येतानाच तिला सुधारायचं, मग मधूनमधून तपासायचं. चुलीचा धूर मात्र लाकूड ओलं की सुकं, पेटवणारा कसा पेटवतो आणि त्या रात्री वारा आहे की नाही यावर ठरतो. म्हणून गाडीचा कायदा वर्षांच्या हिशेबाने चालतो आणि चुलीचा रोजच्या हवामानावर.

दोनच ताटांची खानावळ

सुरुवात लॉस एंजेलिसपासून करावी लागते. 26 जुलै 1943 रोजी तिथे भरदिवसा शहरावर तपकिरी धुकं उतरलं. लोकांच्या डोळ्यांतून पाणी, घशात जळजळ. दुसरं महायुद्ध चालू होतं, त्यामुळे जपान्यांनी विषारी वायू सोडला असंच अनेकांना वाटलं. मग संशय कृत्रिम रबराचा कच्चा माल बनवणाऱ्या एका कारखान्यावर गेला. कारखाना काही काळ बंद ठेवून पाहिला, तरी धुकं येतच राहिलं.

खरा गुन्हेगार शोधला आरी हागेन-स्मिट या डच वंशाच्या रसायनशास्त्रज्ञाने. हे गृहस्थ कॅलटेक या विद्यापीठात अननसाच्या वासाचा अभ्यास करत होते, म्हणजे फळातून निघणारी अगदी सूक्ष्म वाफ पकडून तिच्यात काय काय आहे ते बघत होते. तीच युक्ती त्यांनी शहराच्या हवेवर वापरली. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी दाखवून दिलं की गाड्यांमधून आणि तेलशुद्धीकरण कारखान्यांतून निघणाऱ्या पेट्रोलच्या वाफा आणि नायट्रोजनचे ऑक्साइड यांच्यावर ऊन पडलं की ओझोन तयार होतो, आणि त्याच्या जोडीने डोळे जाळणारे पदार्थही. सायलेन्सरमधून बाहेर पडताना जे दिसतही नाही, ते उन्हात शिजून दुपारपर्यंत विष होतं.

कॅलिफोर्नियाने 1966 मध्ये गाडीच्या धुरावर अमेरिकेतली पहिली मर्यादा घातली. मोटार कंपन्या घाबरल्या. उद्या पन्नास राज्यांनी पन्नास नियम केले तर पन्नास प्रकारच्या गाड्या बनवायच्या का? ही तक्रार अगदीच खोटी नव्हती. म्हणून 1967 मध्ये अमेरिकेच्या संसदेने एक तडजोड केली, आणि ती आजही स्वच्छ हवा कायद्याच्या पोटात बसलेली आहे. नव्या गाडीच्या धुराचा नियम करायचा अधिकार केंद्राकडे. राज्यांनी त्यात हात घालायचा नाही. अपवाद फक्त कॅलिफोर्नियाचा, कारण तिथला त्रास असाधारण आणि तिचा कायदा आधीपासूनचा. पण तिनेही प्रत्येक नव्या नियमासाठी केंद्राच्या पर्यावरण संस्थेकडून, म्हणजे ईपीएकडून, सूट मागून घ्यायची.

1977 मध्ये आणखी एक दार उघडलं. इतर राज्यांना कॅलिफोर्नियाचा नियम उचलता येईल, पण जसाच्या तसा, आणि कंपन्यांना दोन वर्षांची मुदत देऊन. आपल्याकडच्या खानावळीची कल्पना करा. दोनच ताटं आहेत, एक केंद्राचं, एक कॅलिफोर्नियाचं. हवं ते घ्या, पण या ताटातली आमटी आणि त्या ताटातली भाजी असं चालणार नाही. तिसरं ताट मालक वाढणारच नाही. न्यू यॉर्क, मॅसॅच्युसेट्स, ऑरेगन, वॉशिंग्टन अशा डझनाहून अधिक राज्यांनी वेगवेगळ्या वेळी कॅलिफोर्नियाचं ताट घेतलं आहे.

त्यामुळे कॅलिफोर्नियात काय ठरतं याला एवढं महत्त्व. 2022 मध्ये तिने ठरवलं की 2026च्या मॉडेलपासून नव्या गाड्यांतला 35 टक्के वाटा विजेवर चालणाऱ्या आणि तत्सम गाड्यांचा हवा, आणि 2035 मध्ये तो शंभर टक्के. केंद्राने डिसेंबर 2024 मध्ये सूट दिली. सरकार बदललं, आणि जून 2025 मध्ये संसदेने केलेल्या ठरावावर राष्ट्राध्यक्षांनी सही करून ती सूट रद्द केली. कॅलिफोर्निया आणि तिच्या बाजूने उभी राहिलेली राज्यं त्याच दिवशी न्यायालयात गेली. संसदेला अशी सूट रद्द करता येते का, हाच मुळात वादाचा मुद्दा आहे. बातम्यांत हे 'पेट्रोल गाड्यांवर बंदी' म्हणून येतं, पण खालचं भांडण 1967च्या तडजोडीचंच आहे.

चुलीबाबत असली तडजोड कधी झाली नाही. लाकडाची शेगडी राज्याची सीमा ओलांडून धावत नाही. ती जिथे आहे तिथेच धूर करते. त्यामुळे केंद्राने एक किमान मर्यादा आखून दिली आणि सांगितलं, याहून कडक व्हायचं तर खुशाल व्हा. राज्य होऊ शकतं, जिल्हा होऊ शकतो, एखादं खोरंही होऊ शकतं. म्हणून गाडीचे कायदे दोन आणि चुलीचे मोजता येणार नाहीत इतके.

'स्मॉग करणं' म्हणजे काय

तडजोडीत एक बारीक शब्द आहे, 'नव्या' गाडीचा. गाडी एकदा विकली गेली, नोंदली गेली, की ती रस्त्यावर कशी वागते हे तपासायचा अधिकार राज्यांकडे राहतो. कॅलिफोर्नियाची स्मॉग चाचणी 1984 पासून चालू आहे. साधारणपणे दर दोन वर्षांनी, आणि गाडी दुसऱ्याला विकताना. आठ मॉडेल-वर्षांपेक्षा नव्या गाड्यांना दर दोन वर्षांच्या चाचणीऐवजी थोडी फी भरून सुटका मिळते. 1975 आणि त्याआधीच्या पेट्रोल गाड्यांना कायमची माफी आहे, म्हणून इथे जुन्या गाड्यांचे शौकीन 1975चंच मॉडेल शोधत असतात. निव्वळ विजेच्या गाडीला चाचणीच नाही. हायब्रिडला मात्र आहे. प्रियससारखी हायब्रिड घेतली म्हणजे सुटलो असं समजणारे आमच्या ओळखीत तिघं तरी निघाले.

आपल्याकडच्या पीयूसीची सवय असलेल्या माणसाला इथे पहिला धक्का हा की 2000 पासूनच्या मॉडेलच्या पेट्रोल गाडीच्या सायलेन्सरमध्ये कुणी नळी घालतच नाही. स्टिअरिंगखाली एक जोडणी असते, तिथे संगणकाची वायर लावतात आणि गाडीलाच विचारतात, 'बाई, तुझं कसं चाललंय?' 1996 पासूनच्या गाड्या स्वतःच्या धुराची स्वतःच नोंद ठेवतात. ऑक्सिजन मोजणारा सेन्सर, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, टाकीतून पेट्रोलची वाफ सुटते का, या सगळ्याच्या अंतर्गत परीक्षा गाडी चालता चालता घेत असते. नापास झाली की डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागतो.

आता आपला स्वभाव. दिवा लागला की बॅटरीची वायर काढायची, पाच मिनिटांनी लावायची, दिवा गेला! मीही पहिल्या गाडीला हे केलंय आणि ऐटीत स्मॉगला घेऊन गेलेय. नापास. कारण दिव्याबरोबर गाडीच्या सगळ्या परीक्षांचे निकालही पुसले जातात आणि चाचणीत 'परीक्षा अपूर्ण' असं दिसतं. 2000 पासूनच्या पेट्रोल गाडीत टाकीच्या वाफेची एक परीक्षा अपूर्ण असली तर चालते, बाकी सगळ्या पुऱ्या लागतात. शिवाय 2019 पासून गाडीच्या स्मरणात पक्का कोरलेला बिघाडही बघतात, आणि तो वायर काढून जात नाही. दुरुस्ती करून थोडे दिवस शहरात आणि फ्रीवेवर नेहमीसारखी गाडी चालवली की गाडी स्वतःच ती नोंद पुसते. पास झाल्यावर दाखला थेट नोंदणी खात्याकडे संगणकाने जातो, त्याची सरकारी फी सव्वाआठ डॉलर. बाकीचे पैसे दुकानदाराचे, आणि ते दुकानागणिक बदलतात.

आणखी एक फास नवख्यांना माहीत नसतो. तुम्ही कॅलिफोर्नियाचे रहिवासी असताना शेजारच्या राज्यात स्वस्त मिळते म्हणून जवळजवळ कोरी गाडी आणली, तिच्यावर 7,500 मैलांपेक्षा कमी धाव आहे आणि ती केंद्राच्या ताटातली आहे, तर इथे तिची नोंदणीच होत नाही. दुसऱ्या राज्यात राहत असताना घेतलेली आणि तिथे नोंदलेली स्वतःची गाडी घेऊन तुम्ही राहायला आलात तर ही आडकाठी नाही. बॉनेट उघडलं की आत एक स्टिकर असतो, त्यावर गाडी कॅलिफोर्नियाचा नियम पाळते का ते लिहिलेलं असतं. पैसे देण्याआधी तेवढं वाचा.

त्या कन्व्हर्टरबद्दलही दोन शब्द, कारण पुढे चुलीतही तोच भेटणार आहे. सायलेन्सरच्या वाटेवर मधाच्या पोळ्यासारखी चिनी मातीची जाळी असते. तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या महागड्या धातूंचा पातळ मुलामा असतो. त्याच्या सहवासात न जळलेली पेट्रोलची वाफ जळून जाते आणि नायट्रोजनचे ऑक्साइड मोडतात. अमेरिकेत 1975च्या मॉडेलपासून तो सर्रास आला. शिसं त्या मुलाम्याला मारून टाकतं, म्हणून शिसेविरहित पेट्रोलही त्याच्याबरोबर आलं. आपल्याकडे देशभर शिसेविरहित पेट्रोल व्हायला 2000 साल उजाडलं. हा डबा तापल्याशिवाय काम करत नाही, त्यामुळे थंड गाडी सुरू केल्यावरची पहिली एक-दोन मिनिटं सगळ्यांत घाणेरडी असतात. आणि त्याच धातूंपायी चोर रात्रीत तो कापून नेतात. नवा बसवताना कॅलिफोर्नियात राज्याने मंजूर केलेलाच लागतो, तो महाग असतो, आणि साधा बसवला तर पुढच्या स्मॉगला गाडी अडकते.

सगळीकडे असंच आहे असं नाही. वॉशिंग्टन राज्याने 1 जानेवारी 2020 पासून गाड्यांची धूर-चाचणी बंदच केली. गाड्या इतक्या सुधारल्या की चाचणीचा खर्च वसूल होईना. ऑरेगनात पोर्टलंड आणि मेडफर्ड या दोन भागांपुरतीच ती आहे. कारखान्यात नियम लावण्याचा हा फायदा. पंधरा-वीस वर्षांत जुन्या गाड्या भंगारात जातात आणि हवा आपोआप सुधारते.

पण कारखान्यावर विश्वास टाकण्यात धोकाही आहे. सप्टेंबर 2015 मध्ये फोक्सवॅगनचं बिंग फुटलं. तिच्या डिझेल गाड्यांना आपली परीक्षा चालू आहे हे कळायचं. परीक्षेपुरती गाडी सोवळ्यात, रस्त्यावर आली की नायट्रोजनचे ऑक्साइड मर्यादेच्या चाळीस पटींपर्यंत. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी यंत्र गाडीतच ठेवून रस्त्यावर मोजलं म्हणून हे कळलं, आणि मग कॅलिफोर्नियाच्या हवा-मंडळाने पाठ सोडली नाही.

आता चूल

बाबांच्या प्रश्नाचं खरं उत्तर एका छोट्या गणितात आहे. कॅलिफोर्नियाच्या नियमानुसार अलीकडच्या गाडीच्या सायलेन्सरमधून मैलाला जास्तीत जास्त तीन मिलिग्रॅम कण निघावेत अशी मर्यादा होती, आणि ती आता एक मिलिग्रॅमवर आणली जाते आहे. तीनच धरू. गाडी तासभर साठ मैलांच्या वेगाने धावली तर 180 मिलिग्रॅम. लाकडाच्या नव्या, केंद्राने प्रमाणित केलेल्या शेगडीची मर्यादा 2020 पासून तासाला दोन ग्रॅम, म्हणजे 2,000 मिलिग्रॅम. आणि 1988च्या आधीची अप्रमाणित शेगडी तासाला 15 ते 30 ग्रॅम सोडते असं ईपीए सांगते. म्हणजे तासभर जळणारी एक जुनी शेगडी फ्रीवेवरच्या शंभर गाड्यांएवढी कणांची राख हवेत उडवते.

लगेच सांगते, हे गणित फक्त सायलेन्सरमधून निघणाऱ्या बारीक कणांचं आहे. नायट्रोजनचे ऑक्साइड गाड्या आणि ट्रकच जास्त सोडतात, टायर आणि ब्रेक झिजून उडणारी धूळ वेगळी. पण हिवाळ्यातल्या रात्री दम्याच्या माणसाला जे जाचतं ते हे कणच. अडीच मायक्रॉनपेक्षा लहान, केसाच्या जाडीच्या विसाव्या-तिसाव्या हिश्श्याएवढे. नाकातले केस त्यांना अडवत नाहीत, ते थेट फुप्फुसाच्या तळाशी जातात. अमेरिकेत यांची चोवीस तासांची मर्यादा घनमीटरमागे 35 मायक्रोग्रॅम आहे, भारतात 60.

हवेतले कण चुलीचे की गाडीचे हे ओळखतात कसं? लाकडातलं सेल्युलोज तापून फुटलं की लेव्होग्लुकोसान नावाची एक साखर तयार होते. पेट्रोल-डिझेलमध्ये ती नसते. गाळणीवर ती सापडली की समजायचं, कुणीतरी लाकूड जाळलंय. धुराने सही करून ठेवावी तसं आहे हे.

लाकूड जळताना एवढा धूर का होतो हे बाबांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. ताज्या तोडलेल्या लाकडात निम्म्याच्या आसपास वजन पाण्याचं असू शकतं. उष्णता आधी ते पाणी उडवण्यात जाते, जाळ थंड राहतो, आणि लाकडातून सुटलेला वायू न जळताच वर जातो. धूर म्हणजे दुसरं काही नाही, वाया गेलेलं सरपण. 'सुक्याबरोबर ओलंही जळतं' ही म्हण माणसांना लागू असेल, शेगडीत मात्र ओल्याबरोबर सुकंही धुमसतं. म्हणून इथले सगळे नियम लाकडातलं पाणी वीस टक्क्यांच्या खाली हवं असं सांगतात. दोन टोचण्यांचं छोटं यंत्र मिळतं, लाकडात खुपसलं की आकडा दाखवतं. बाबा दोन ओंडके एकमेकांवर आपटतात. टणक आवाज आला तर सुकं, बद्द आला तर ओलं. मी दोन्ही करून पाहिलं, निकाल सारखाच आला.

प्रमाणित शेगडी दोन प्रकारची असते. एकीत वरच्या बाजूला बारीक भोकांच्या नळ्या असतात, त्यांतून तापलेली हवा आत येते आणि धूर पुन्हा पेटतो. दुसरीत आपला तोच गाडीतला ओळखीचा डबा, पोळ्यासारखी जाळी आणि महागडा धातू. धुराला एरवी पेटायला सुमारे सहाशे अंश सेल्सिअस लागतात, ते या जाळीवर निम्म्याहून कमी तापमानात जमतं. सगळ्यांत आधी हा विचार ऑरेगनने केला, ऐंशीच्या दशकाच्या मध्यात. केंद्राने 1988 मध्ये देशभर नियम केला, मग 2015 मध्ये तो कडक करून 2020 पर्यंत दोन ग्रॅमांवर आणला. वॉशिंग्टन राज्य त्याच्या खूप आधी, 1995 मध्येच, साध्या शेगडीला साडेचार आणि जाळीवाल्या शेगडीला अडीच ग्रॅमवर येऊन थांबलं होतं.

भिंतीतली उघडी फायरप्लेस या केंद्रीय नियमात बसतच नाही, कारण कायद्याच्या नजरेत ती हीटरच नाही. मला हे वाचून हसू आलं, पण ते खरंच आहे. उघडी फायरप्लेस घरातली उबदार हवाच धुराड्यातून बाहेर ओढते. समोर बसलेल्याचे गुडघे भाजतात आणि मागच्या खोल्या गारठतात.

प्रमाणपत्रावर किती विसंबायचं, हाही प्रश्न आहे. प्रयोगशाळेत एकसारख्या कापलेल्या फळ्या, ठरलेली हवा, शिकलेला माणूस. घरी मध्यरात्री झोपायच्या आधी कुणीतरी चार ओंडके कोंबून हवेचं झाकण मिटतं. 2023 च्या फेब्रुवारीत ईपीएच्याच महानिरीक्षकांनी या प्रमाणपत्रांच्या कारभारावर बोट ठेवलं, आणि त्याच वर्षी दहा राज्यांनी नियम सुधारा म्हणून ईपीएवर खटला भरला. फोक्सवॅगनने मुद्दाम केलं ते इथे कुणी न ठरवताही होतं.

मग राहतो तो दुसरा मार्ग. पेटवायची कधी, हे ठरवायचं.

हिवाळ्यात पहाटे कागलच्या बाहेर उसाच्या फडावर धूर कसा आडवा पसरून राहतो, ते ज्यांनी पाहिलंय त्यांना हे लगेच कळेल. रात्री आभाळ निरभ्र असलं की जमीन भराभर निवते, तिच्या लगतची हवा गार होते, आणि तिच्यावर ऊबदार हवेचा थर बसतो, पातेल्यावरच्या झाकणासारखा. गार हवा जड, ती वर जात नाही, वारा नसतो. धूर झाकणाखाली साठत जातो. कॅलिफोर्नियातलं सॅन वाकीन खोरं तर पातेलंच आहे. एका बाजूला सिएरा नेवाडा, दुसऱ्या बाजूला किनाऱ्याचे डोंगर, खाली दक्षिणेला टेहाचापी. तिथे ट्रकच्या नायट्रोजन ऑक्साइडांची गाठ गोठ्यांमधल्या अमोनियाशी पडते आणि हिवाळ्यात हवेतच नवे कण तयार होतात. त्यात लाकडाचा धूर. फ्रेस्नो आणि बेकर्सफील्डची नावं खराब हवेच्या यादीत वर असतात ती यामुळे.

तर हवा-मंडळाचे हवामानतज्ज्ञ दुसऱ्या दिवशी झाकण बसणार का याचा अंदाज बांधतात आणि इशारा देतात. आमच्या सॅन फ्रान्सिस्को खाडीभोवतीच्या भागात हा नियम 2008 पासून आहे. मोसम 1 नोव्हेंबर ते फेब्रुवारी अखेर, आणि वणव्यांच्या धुरामुळे 2019 पासून वर्षभरात केव्हाही. त्या दिवशी फायरप्लेस, शेगडी, लाकडी गोळ्यांची शेगडी, अंगणातला अग्निकुंड, सगळं बंद. गॅसची फायरप्लेस चालते. पहिल्यांदा पकडलं तर धुराच्या परिणामांचा छोटा अभ्यासक्रम पुरा करायचा, नाहीतर शंभर डॉलर. दुसऱ्यांदा पाचशे. स्वयंपाकासाठी पेटवलेल्या साधनांना हा नियम लागू नाही. हे ऐकताच बाबांचा चेहरा उजळला. "मग पिठलं ठेवू की त्यावर!" त्यांना समजवावं लागलं की दिवाणखान्यातली फायरप्लेस पिठल्याने बार्बेक्यू होत नाही.

बंदी नसलेल्या दिवशीही मोकळं रान नाही. पेटवल्यावरची पहिली वीस मिनिटं सोडली, तर धुराड्यातून दाट धूर तासात सहा मिनिटांपेक्षा जास्त निघता कामा नये. कचरा, प्लॅस्टिक, रंगवलेलं लाकूड कधीच जाळायचं नाही. नोव्हेंबर 2016 पासून नव्या बांधकामात लाकडाची फायरप्लेस बसवताच येत नाही. घर विकताना लाकडाच्या धुराच्या अपायाची माहिती खरेदीदाराला लेखी द्यावी लागते. घर घेताना आम्ही ज्या शंभरेक कागदांवर सह्या केल्या, त्यांत तोही होता. अर्थातच तेव्हा वाचला नव्हता.

वॉशिंग्टन राज्यात बंदी दोन पायऱ्यांची आहे. पहिल्या पायरीत फायरप्लेस आणि अप्रमाणित शेगड्या बंद, प्रमाणित चालू. दुसऱ्या पायरीत सगळंच बंद. पण दोन्हींत एक माणुसकीची वाट ठेवलेली आहे. ज्याच्या घरात पुरेशी ऊब मिळवायचं दुसरं साधनच नाही, त्याला सूट. थंडीत कुणाला गारठवून हवा शुद्ध करायची नाही, एवढं कायद्याला कळतं. ऑरेगनने वेगळी युक्ती काढली. 1 ऑगस्ट 2010 पासून घर विकताना अप्रमाणित शेगडी काढून मोडीत घालावी लागते. गाड्यांसारखी चूल आपोआप भंगारात जात नाही. लोखंडी शेगडी पन्नास-पन्नास वर्षं टिकते, म्हणून घराच्या विक्रीला तिचा मृत्यू बांधला.

मोंटाना राज्यात लिबी नावाचं छोटं गाव आहे, डोंगरांच्या खळग्यात. तिथे 2005 ते 2007 च्या दरम्यान सरकारी आणि उद्योगाच्या पैशांतून अकराशेहून अधिक जुन्या शेगड्या बदलून दिल्या आणि हिवाळ्यातल्या कणांचं प्रमाण लक्षणीय उतरलं. अलास्कातल्या फेअरबँक्सचं दुखणं मात्र हट्टी आहे. तापमान उणे चाळीसपर्यंत उतरतं, हवेचं झाकण दिवसचे दिवस हलत नाही, तेल महाग आणि जंगल दाराशी. शेजारच्या गावाचं नाव चक्क 'नॉर्थ पोल' आहे. तिथे 2021 पासून विक्रेत्याने सुकं लाकूडच विकायचं असा नियम झाला. ज्या गावात थंडीने माणूस मरू शकतो, तिथे 'आज पेटवू नका' म्हणणं किती अवघड असेल, याचा विचार केला की आमच्या फ्रीमॉन्टची बंदी फारच लाडाची वाटते. इथे आम्ही थर्मोस्टॅटचं बटण फिरवून मोकळे होतो.

बाबा म्हणाले, हे सगळं अमेरिकेचं कौतुक झालं. मी त्यांना मुंबईची बातमी दाखवली. जानेवारी 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड आणि कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा दुसऱ्या स्वच्छ इंधनावर जायला सांगितलं. "म्हणजे पाव आता गॅसवर?" गाड्यांचा नियम ऐकून त्यांना जेवढं काही वाटलं नव्हतं तेवढं या पावाचं वाटलं. भारतात गाड्यांचं ताट एकच आहे, केंद्राचं. एप्रिल 2020 पासून देशभर बीएस-सहा. चुलीचं मात्र कधी न्यायालय, कधी महापालिका, कधी सिलिंडरची योजना. इथल्यासारखंच, गाडीचं एका जागी ठरतं आणि चुलीचं दहा जागी.

पुढच्या रविवारी इशारा नव्हता. मी फोनवर दोनदा बघितलं. बाबांनी ओंडके आपटून निवडले. मी मंडळाच्या पत्रकात वाचलं होतं की जाड लाकडं खाली, बारीक काटक्या वर, आणि वरून पेटवायचं, म्हणजे खालून सुटणारा धूर ज्वाळेतूनच जातो. बंबात सत्तर वर्षं खालून जाळ घातलेल्या माणसाला हे सांगणं सोपं नव्हतं. "वरून कधी पेटतं काय?" म्हणत त्यांनी काडी ओढली. पेटलं. पंचवीस मिनिटांनी मी बाहेर अंगणात जाऊन धुराड्याकडे पाहिलं. अगदी पुसट रेघ होती, आणि तिच्याभोवतीची हवा तेवढी थरथरत होती. आत आले तर बाबा विस्तवाकडे बघत बसले होते.

"एवढ्यात बंबभर पाणी तापलं असतं," म्हणाले.